हौसाच्या अंगावर आलेल्या बाया

"दिवा राहू द्या. आधी इकडं बघा."

हौसा दारातल्या उजेडात उभी होती. मान वर केली होती, न्हाव्यापुढं बसल्यासारखी. मी हातातली वात खाली ठेवली आणि जवळ गेलो. नाकावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर, कपाळावर तांबडे फोड उठले होते. काहींच्या टोकाला पांढरं पाणी धरलं होतं. गळ्याखालीही तसेच.

"खाजतंय?"

"जळतंय. मिरची चोळल्यावानी." मग तिनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. "बाया आल्यात."

आमच्याकडं गोवर-कांजिण्यांना आजार म्हणत नाहीत. मरगुबाई आणि तिच्या बहिणी माणसाच्या अंगावर पाहुण्या म्हणून येतात, वाटेल तेवढे दिवस राहतात, आणि सरबराई नीट झाली तर सुखानं जातात. त्या घरात असेपर्यंत फोडणी नाही, तळण नाही, केस विंचरायचे नाहीत, दारात कडुलिंबाचा डहाळा आणि खायला दहीभात. औषध तर मुळीच नाही. औषध देणं म्हणजे पाहुणीच्या हाताला धरून तिला उंबऱ्याबाहेर काढणं.

मी मरगुबाईचा गुरव. हे नियम गावाला आमच्याच घरानं सांगितलेले, आणि माझ्यापेक्षा हौसानं जास्त. कुणाच्याही पोराच्या अंगावर काही उठलं की आधी तिला बोलावणं यायचं. ती पोराची पाठ बघायची, कानामागं बघायची, केस बाजूला सारायची आणि सांगायची, "आल्यात," नाहीतर, "घामोळं हाय, हळद लावा." तिचं कधी चुकलं नव्हतं. त्यामुळं तिनं स्वतःबद्दल सांगितल्यावर त्यावर बोलायला गावात दुसरं कुणीच नव्हतं.

"ह्या वयात?" मी म्हटलं.

"त्यांना वय इचारून यायचं असतंय व्हय? लगीन होऊन आल्यापास्नं मरगुबाईच्या आंघोळीला पाणी मीच भरतेय. एकदा माझ्याकडं राहायला आली तर काय बिघडलं?"

तिनं कोनाड्यातली गोळ्यांची पाकिटं उचलली, ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या खाली ठेवून दिली.

"त्या जाईपर्यंत ह्यांचं काम न्हाई," ती म्हणाली.

ती गोळी कशाची होती ते मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

आदल्या हिवाळ्यापासून तिला खोकला होता. आधी आडुळसा झाला, मग गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. मग रात्री तिला आडवं होता येईना. भिंतीला पाठ लावून बसूनच ती डुलक्या घ्यायची. इचलकरंजीच्या सूतगिरणीत कामाला असलेला आमचा मुलगा विलास आला आणि आम्ही तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी पाठीत सुई घालून पाणी काढलं. गाठीचा एक तुकडा काढून मुंबईला पाठवला. त्याचा निकाल आला त्या दिवशी विलास एकटाच डॉक्टरीणबाईंकडं आत गेला. बाहेर आला आणि माझ्याशेजारी बाकावर बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिला.

"आबा, कॅन्सर हाय. फुफ्फुसाचा."

"तिनं तर कधी मिश्रीसुद्धा लावली न्हाई."

"मी बी तेच इचारलं. बायांना असा होतोय म्हणं, काही न करता. चुलीचा धूर असंल, न्हाईतर कशानंच न्हाई."

समोर एक माणूस फरशी पुसत होता. त्यानं आम्हाला पाय वर घ्यायला सांगितले. आम्ही दोघांनी पाय वर घेतले.

"आईला सांगायचं न्हाई," विलास म्हणाला.

"न्हाई," मी म्हटलं.

एवढंच ठरलं. तिला सांगितलं, फुफ्फुसात कफाची गाठ धरलीय, गोळीनं विरघळेल. केस जाण्याचं, बाटल्या लावण्याचं औषध तिला लागणार नव्हतं. तुकडा तपासल्यावर कळलं होतं की तिच्या गाठीला एक ठरावीक गोळी चालते. रोज सकाळी एक, बस. आम्हाला ते बरंच वाटलं. गावाला काही कळायचं कारण नव्हतं.

गोळीनं फरकही पडला. थोड्याच दिवसांत खोकला सैल झाला. एका सकाळी मी उठलो तर ती कुशीवर आडवी, गाढ झोपलेली. मी तिच्या पाठीकडं बघत बसून राहिलो. पुढं ती घागर घेऊन देवळापर्यंत जायला लागली. पण पोट बिघडलं. खाल्लेलं थांबेना. तोंड आतून सोललं गेलं आणि हातापायांच्या नखांच्या कडा चिरल्या. ती म्हणायची, "गाठ विरघळून बाहेर पडतीया, दुसरं काय." आणि आता हे फोड.

मी देवळामागच्या कट्ट्यावर जाऊन विलासला फोन लावला.

"त्या बाया न्हाईत, आबा," तो म्हणाला. मागं यंत्रांचा आवाज होता, म्हणून तो ओरडूनच बोलत होता. "गोळीनं पुरळ उठतंय. डॉक्टरनी मला सांगितलंवतं. मलम बी लिहून दिलंवतं."

"मग आम्हाला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगणार? एवढी जालीम कसली गोळी म्हणून आई इचारत बसली असती. सगळंच बाहेर पडलं असतं."

"तिनं गोळी ट्रंकेत ठेवलीया."

"दह्यातनं द्या. कुटून द्या. पण बंद करू नका."

"बाया असताना?"

"आबा, बाया न्हाईत म्हणतोय की!"

"मग तू येऊन सांग तिला."

रविवारी तो आला. हौसानं त्याला पाय धुवायला लावले, दारातल्या लिंबाखालून वाकून यायला लावलं आणि मगच घोंगड्यावर बसू दिलं. तोपर्यंत तिचं तोंड अजून भरलं होतं. पापण्यांजवळसुद्धा फोड होते. पण ती ताठ बसली होती.

"आई, डॉक्टर म्हणाल्या, गोळीमुळं असं होतंय."

"त्या बाईनं आजवर किती पोरांच्या बाया काढल्यात?"

"तसं न्हवं. गोळी थांबवली तर गाठ वाढंल."

"कफाची गाठ. वाढली तर वाढली. आडुळसा घेईन."

विलासनं माझ्याकडं बघितलं. पुढचा शब्द कुणीतरी उच्चारायला हवा होता. मी दारातल्या डहाळ्याकडं बघितलं. त्याची पानं वाळायला लागली होती, बदलायला हवी होती. विलास दहीभात खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

मग गाव आलं. गुरविणीच्या अंगावर बाया आल्यात म्हटल्यावर बायका वाडगं वाडगं दही घेऊन यायला लागल्या. त्यांच्या पोरांसाठी हौसानं जे केलं होतं ते आता त्या तिच्यासाठी करत होत्या. लिंबाचा पाला वाटून लावायच्या, पायाला थंड पाणी घालायच्या. जाताना तिच्या पाया पडायच्या, कारण त्या दिवसांत ती एकटी हौसा नव्हती. शेजारची शेवंता कुंभारीण तर रोज येऊन बसायची.

"हौसाक्का, तुझ्या पाव्हणीला सांग की, माझी म्हस दूध चोरती. जरा बघ म्हणावं."

"पाव्हणीला कामं सांगू नगं. मुक्काम वाढवंल."

"वाढवू दे की. तुला कुठं चुलीम्होरं बसायचं हाय? गुरवतात्या भात शिजवत्यात आणि तू देवी हून बसलीयास. आमच्या नशिबी एक पुटकुळी बी न्हाई."

हौसा हसली. हसताना ओठांच्या कडा चिरत होत्या म्हणून तिनं पदर तोंडावर धरला.

आणि गोळी थांबल्यावर तिचं पोटही थांबलं. तोंड आतून भरून आलं. ती दहीभात मागून खायला लागली. फोड वाळले, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. नखांच्या कडासुद्धा मिटल्या. जे जे गोळीनं आणलं होतं ते एकेक करून निघून गेलं. ज्यासाठी गोळी होती ते आत होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

मी रीतसर बोळवण केली. परडीत हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, नारळ, लिंबाचा पाला आणि दहीभात घातला. पुढं मी, मागं बायका, आणि हौसा लिंबाच्या पाण्यानं न्हाऊन उंबऱ्यात उभी. गावाच्या शिवेवर परडी ठेवली. "सुखानं जावा, सुखी ठेवा," म्हटलं आणि मागं न बघता परत आलो. माझे हात सगळं नीट करत होते. शेवंता वाटेत म्हणाली, "तात्या, जाताना खोकला बी घेऊन गेल्या बघा." मी होय म्हटलं.

हौसाचं तोंड स्वच्छ झालं होतं. लग्नात आली होती तसं, असं मी म्हणणार नाही, पण उजळ दिसत होतं. मी एकदा भीत भीत म्हटलं, "आता गोळी काढू?" ती म्हणाली, "आता कशाला? गाठ त्यांनीच नेली की."

मग एका दुपारी ती देवळाच्या पायरीवर मधेच बसली. घागर बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आज ऊन फार हाय." ऊन रोजचंच होतं. दोन दिवसांनी ती परत भिंतीला पाठ लावून झोपायला लागली. खोकला परत आला, आणि त्याच्याबरोबर श्वासाचा आवाज, चाळणीतून कोंडा चाळल्यासारखा. मी विलासला फोन केला. तो गाडी घेऊन आला. बाया गेलेल्या होत्या, त्यामुळं दवाखान्यात जायला ती नको म्हणाली नाही.

डॉक्टर मगदूम वयानं आमच्या विलासएवढ्या. त्यांनी दारातूनच हौसाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तोंड एवढं स्वच्छ कसं?"

मला वाटलं, बाई कौतुकानं म्हणतायत. पण त्या खुर्ची ओढून हौसाच्या पुढ्यात बसल्या. "मावशी, गोळी कधीपासून बंद आहे?"

"मॅडम, ते काय झालं..." विलास म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

"बाया आल्यावत्या," हौसा म्हणाली. "बोळवण केली नि आलो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो काढायला पाठवलं. फोटो आल्यावर उजेडाच्या काचेवर पहिला, गोळी चालू असतानाचा मधला आणि आजचा असे शेजारी शेजारी लावले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत. पण पहिल्या फोटोत पांढरं जिथं दाटलं होतं ते मधल्यात विरळ झालं होतं, आणि आजच्यात परत दाटलं होतं. एवढं कुणालाही दिसलं असतं. हौसालाही दिसलं.

"तुम्हाला काय झालंय ते कुणी सांगितलंय, मावशी?"

"कफाची गाठ."

डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघांकडं बघितलं. "मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

विलासनं मान खाली घातली. भिंतीवर पंखा फिरत होता आणि दर फेरीला टेबलावरच्या कागदांची टोकं उचलत होता.

"कॅन्सर हाय तुला," मी म्हटलं. दुसऱ्याच कुणी म्हटल्यासारखं ते मला ऐकू आलं.

हौसानं पदर नीट केला. "फुफ्फुसाला?"

"व्हय."

"बरं." मग ती डॉक्टरीणबाईंकडं वळली. "म्हंजे ती गोळी त्याची."

"त्याचीच. ही गोळी सगळ्या शरीरावर मारा करत नाही. तुमची गाठ ज्या खुराकावर वाढते तो खुराक तोडते. पण तोच खुराक कातडीला लागतो, पोटाच्या आतल्या अस्तराला लागतो, नखांना लागतो. म्हणून तिकडंही बिघडतं. ते फोड गोळीचे होते, मावशी. तोंड असं भरलं की बहुतेक वेळा आम्ही समजतो, गोळी लागू पडतेय. सगळ्यांचं तसं नसतं, पण तुमचं तसं दिसतंय."

"म्हंजे तोंड बिघडलं की आत बरं."

"साधारण तसंच."

"आणि तोंड बरं झालं की..."

डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली.

"गोळी घेतली तर बरी हुईन?"

विलास खुर्चीत हलला. डॉक्टरीणबाईंनी हौसावरची नजर काढली नाही. "पूर्ण बरं नाही होणार. गाठ दबून राहील. कुणाला वर्षभर, कुणाला त्याहून बरंच जास्त. मग कधीतरी गाठ दुसरी वाट काढते आणि गोळी चालेनाशी होते. पण तोपर्यंत आडवं झोपता येईल, चालता येईल, घरचं बघता येईल."

"आणि फोड?"

"परत येतील. मी मलम देते, पोटासाठी वेगळी गोळी देते. फारच वाढलं तर मला फोन करायचा, आपण काही दिवस थांबवू. पण तुमची तुम्ही बंद करायची नाही."

परतताना गाव जवळ आल्यावर हौसा म्हणाली, "बाई चांगली हाय. बायांना हसली न्हाई."

विलासला कामावर जायचं होतं, तो तसाच परत गेला. घरी आल्यावर मी ट्रंक उघडून गोळी काढली, पाणी आणलं. तिनं गोळी तळहातावर घेतली आणि बघत राहिली.

"त्या बाया न्हवत्या?" ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणाल्या ते ऐकलंस की."

"त्यांचं ऐकलं. तुम्ही गुरव. तुम्हाला इचारतेय."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"मग तुम्ही शिवेवर बोळवण कुणाची केली? शेवंता कुणाच्या पाया पडली?" तिला एका दमात बोलता येत नव्हतं. मधे मधे थांबावं लागत होतं. "ती पोरं सगळी, ज्यांच्या पाठी मी बघितल्या. तिथं बी न्हवत्या?"

"तिथं होत्या. पोरांची गोष्ट निराळी."

"म्हंजे सगळ्यांच्यात आल्या आणि माझ्याकडंच न्हाई."

ती रडली नाही. मीही नाही. बाहेर शेवंता म्हशीला शिव्या देत होती, त्या नीट ऐकू येत होत्या.

"मला बरं वाटलंवतं," हौसा म्हणाली. "एवढी वर्सं तिचं केलं, एकदा तरी आली म्हणून."

"गोळी घे, हौसा."

"आणि त्या खरंच आल्या असल्या तर? आता गोळी घेतली की परत अंगावर फुटणार. म्हंजे औषध घेऊन मी तिला रोज हाकलायची आणि तिनं रोज यायचं? असं मी कुणाच्या पोराला करू दिलं न्हाई." तिनं गोळी पदराच्या टोकात बांधली. "उद्या कौल लावा."

कौल म्हणजे देवीला विचारणं. आंघोळ घालून देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी लावायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. गावातली लग्नं, जमिनी, परगावच्या नोकऱ्या या पाकळ्यांवर ठरलेल्या मी बघितल्या होत्या.

"आणि डावी पडली तर?"

"तर डावी."

"हौसा..."

"आणि दोन्ही पाकळ्या माझ्यासमोर एकाच तांब्यात बुडवा. मी बी गुरवाच्याच घरात जन्म काढलाय."

पाकळी कमी भिजवली की लवकर सुटते. बोटानं जरा दाबून बसवली की राहते. आमच्यात ते न बोलता सगळ्यांना येतं. माझ्या मनात काय होतं ते तिनं ओळखलं होतं.

सकाळी आम्ही थांबत थांबत देवळात गेलो. देऊळ लहान. आत मरगुबाईचा तांदळा, म्हणजे नाकडोळे नसलेला नुसता गोल दगड, शेंदूर लावलेला, त्यावर चांदीचे दोन डोळे. मी आंघोळ घातली, पुसलं नाही. हौसा खांबाला टेकून बसली. तिच्यासमोर मी कण्हेरीच्या दोन पाकळ्या तांब्यात सोडल्या, सारख्या भिजू दिल्या आणि सारख्याच लावल्या. तिनं बघितलं आणि मान हलवली.

मी गाऱ्हाणं घातलं. "बाई मरगुबाई, तुझी लेक पुढ्यात बसलीया. तिला मोठा आजार हाय. डॉक्टरनी गोळी दिलीया. गोळीनं अंगावर उठतंय, त्यात तुझा मान मोडत असंल तर सांग. घ्यावी असं असंल तर उजवी दे. नको असंल तर डावी दे."

मग वाट बघितली. दगडावरून पाणी थेंब थेंब खाली येत होतं. दारातून एक चिमणी आत आली आणि परत गेली. मला हौसाचा श्वास ऐकू येत होता. मी उजव्या पाकळीकडं बघत होतो. तिची कड थोडी उचलली. मी तिच्याकडंच बघत राहिलो.

डावी घसरली. शेंदरावर जरा अडकली, मग सुटली आणि खाली पडली.

उजवी तशीच राहिली.

"परत लावू का?" मी विचारलं. माझ्या हातात तांब्या होता, तो मी घट्ट धरला होता.

"न्हाई. ती एकदा बोलली."

ती बसून राहिली. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि गोळी काढली. "तांब्या द्या इकडं."

"हौसा, डावी पडली."

"मला दिसतंय. द्या."

मी दिला. तिनं देवीच्या समोर, तिच्या डोळ्यांकडं बघत गोळी जिभेवर ठेवली आणि वरनं पाणी प्याली. खोकला आला, गोळी बाहेर येते की काय असं झालं. तिनं तोंडावर हात दाबला आणि गिळली.

"मग इचारलंस कशाला?" मी म्हटलं.

"इचारायला नको? तिच्या घरचं खातोय आपण." मग ती दगडाकडं वळली आणि शेवंताशी बोलावं तशी बोलली. "तुझं सांगून झालं, माझं ऐकून झालं. मला अजून थोडं राहायचं हाय. ह्यात दुसरं काय न्हाई."

मी तिला हाताला धरून उठवलं. पायऱ्या उतरताना ती मधेच थांबली. मला वाटलं, दम लागला. दम लागलाच होता, पण तिला बोलायचंही होतं.

"शेवंता इचारंल."

"इचारू दे."

"उजवी पडली म्हणून सांगायचं."

"का?"

"डावी पडली नि मी जगले, तर लोक देवीला खोटी म्हणतील. डावी पडली नि मेले, तर गोळीला नावं ठेवतील. दोघींनाबी बोल नको." तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला. "चला आता. चूल पेटवायची हाय."

शेवंता अंगणातच होती. "काय झालं वं, तात्या?" तिनं विचारलं.

"उजवी," मी म्हटलं.

आठवड्याभरात फोड परत आले. हौसा मलम लावायची आणि तसल्याच तोंडानं दुकानात जायची, लग्नाला जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता मुक्कामालाच आलीया." पोट बिघडायचं, नखं दुखायची, पण ती आडवी होऊन झोपायची. देवळात मात्र ती आत गेली नाही. घागर पायरीपर्यंत आणायची, तिथून मी घ्यायचो. विलासला मुलगी झाली, तिचं बारसं तिनं केलं, तिला चालताना बघितलं. तिसऱ्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी काचेवर फोटो लावले आणि गोळी थांबवली. थोड्या दिवसांत तिचं तोंड स्वच्छ झालं. बायका घरी येऊन म्हणायच्या, "हौसाक्का, किती बरी दिसतीस गं." ती म्हणायची, "व्हय बाई." मी आत भात शिजवत असायचो. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

आता आमच्या गावात बाया आल्या तरी पोराला दवाखान्यात नेतात. लिंबाचा डहाळाही लावतात, दहीभातही करतात, बोळवणही करतात, आणि औषधही देतात. कुणी तसं ठरवलं नाही. पण मरगुबाईनं गुरविणीला उजवी दिली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

परवा शेवंताची नातसून लेकराला कडेवर घेऊन देवळात आली. लेकरू तापानं फणफणलेलं, पाठीवर बारीक बारीक उठलेलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तात्या, गाडी उभी हाय. पर सासू म्हणती, आधी इचारून ये." तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हौसाआजीला उजवीच दिलीवती न्हवं?"

मी देवीला आंघोळ घालत होतो. हातात तांब्या होता.

"व्हय," मी म्हटलं. "उजवीच. जा तू, ने त्याला."